तात्यांची रिकामी रायफल

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख अजून थोडं वाकडं वाढतं. नातवंडं विचारतात तेव्हा मी सांगते, रायफल चावली. त्यांना वाटतं आजी थापा मारतेय. आजी थापा मारते हे खरंच आहे, पण ही त्यातली नव्हे. चीनचं युद्ध नुकतंच संपलं होतं. कॉलेजातल्या मुलांना छात्रसेनेची कवायत सक्तीची झाली होती आणि आम्हा मुलींवर सक्ती नसतानाही आम्ही काही जणी हौसेनं नाव घालून बसलो होतो. औरंगाबाद तेव्हा केवढंसं होतं. आज ज्याला क्रांती चौक म्हणतात तिथून पुढं सायकल काढली की गाव संपल्यासारखं वाटे, आणि खाकी सलवार-कमीज घातलेली मुलगी सायकलवर दिसली की हॉटेलातली माणसं बशी तोंडाशी धरून तशीच थांबत. गणवेश सरकारी मापाचा होता. त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. आईनं दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवला तरी पाठीकडून मी पोतं दिसते, असं माझ्या मैत्रिणींचं एकमत होतं.

आम्हाला शिकवायला एक हवालदार होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मूळचे बिदरकडचे, मिशी तुपानं वळलेली, आवाज असा की मैदानाच्या पलीकडे चरणाऱ्या शेळ्या मान वर करून बघत. त्यांची शिट्टी कायम हरवलेली असे आणि ती कायम त्यांच्याच गळ्यात सापडे. मुलींना शिकवायचं म्हणजे आपली शिक्षाच झाली आहे असं त्यांना पहिले काही दिवस वाटत होतं. नंतर त्यांच्या लक्षात आलं की मुलगे रायफल हातात आली की आपोआप हिरो होतात आणि मुली निदान सांगितलेलं ऐकतात. मग ते आमच्यावर खूश झाले, म्हणजे जास्त ओरडायला लागले.

रायफली जुन्या होत्या, आमच्या जन्माआधीच्या. मोठ्या युद्धातून फिरून, कुठकुठले खांदे पाहून आमच्यापर्यंत आलेल्या. लाकडाला तेलाचा वास, लोखंडाला हात लावला की दिवसभर हाताला तोच वास. प्रत्येक गोळी झाडल्यावर बोल्टची, म्हणजे मागच्या सरकत्या दांड्याची, मूठ उचलायची, मागं ओढायची, पुढं ढकलायची, खाली दाबायची. हे सगळं आम्ही खोट्या गोळ्यांवर शिकत होतो. पाच गोळ्या एका लोखंडी पट्टीत अडकवलेल्या असत. तिला चार्जर म्हणत. चार्जर वरून खाचेत बसवायचा आणि अंगठ्यानं जोर लावून पाचही गोळ्या एका दमात खाली मॅगझीनमध्ये, म्हणजे रायफलीच्या पोटातल्या पेटीत, उतरवायच्या. इथंच माझा अंगठा गेला. गोळ्या उतरल्या, अंगठा वेळेत निघाला नाही आणि शेजारच्या मुलीनं मदत म्हणून बोल्ट पुढं ढकलला. गोळ्या चार्जरमध्ये लावण्याचंही एक तंत्र होतं. प्रत्येक गोळीच्या बुडाला जाडसर काठ असतो. वरच्या गोळीचा काठ खालचीच्या पुढं यायला हवा. मागं राहिला की दोघी एकमेकींत अडकतात आणि बोल्ट जागचा हलत नाही. उस्ताद म्हणत, "ऊपर की आगे, नीचे की पीछे. उलटा किए तो सास-बहू का झगड़ा! पूरा घर बंद!" आम्ही हसायचो. ज्यांची लग्नं ठरली होती त्या जरा कमी हसायच्या.

भरायला सगळ्यांनाच आवडे, खाली करायला कुणालाच नाही. भरताना आवाज होतो, रुबाब येतो. खाली करणं म्हणजे नुसतं काम. बोल्ट मागं-पुढं करत एकेक गोळी बाहेर टाकायची, जमिनीवरून वेचायची, पुसायची, मोजायची. मग बोल्ट उघडा ठेवून आत डोकवायचं. नुसतं डोकावून उस्तादांचं भागत नसे. करंगळी आत घालायची, पोकळी बोटाला लागली पाहिजे, आणि मोठ्यानं म्हणायचं, "खाली है!" त्यानंतर बोल्ट बंद करून नळी आभाळाकडं धरून चाप ओढायचा. खट् असा कोरडा आवाज आला की संपलं. ती रायफल शेजारणीच्या हातात दिली की तिनं पुन्हा बोल्ट उघडायचा, पुन्हा करंगळी, पुन्हा "खाली है!" आत्ता हिनं माझ्यादेखत बघितलं की, असं म्हटलेलं चालत नसे. "किसी का बोला सो नक्को मानना बेटा," उस्ताद म्हणत. "तुम्हारा उंगली बोला तो मानना. और सेफ्टी लगाके रखी सो रायफल से सबसे ज़्यादा डरना. खाली को कोई सेफ्टी लगाता क्या?" सेफ्टी म्हणजे बोल्टच्या डाव्या अंगाला एक छोटी दांडी. ती मागं ओढली की चापही अडकतो आणि बोल्टही. पुढं सारली की दोन्ही मोकळे.

घरी माझ्याकडं रायफल कुठली! मी मुसळावर सराव करायची. आम्ही गुलमंडीच्या मागं दोन खोल्यांत राहत होतो. नाना, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते. निजामाच्या काळात सगळं काम उर्दूत शिकलेले, आणि पोलीस ॲक्शननंतर तेच काम मराठीत करायला लागलेले. त्यामुळं ते अर्ज मराठीत लिहीत आणि वैतागत उर्दूत. आई शेंद्र्याकडची, बोलणं तिकडचंच. सकाळी तिची भाकरी थापण्याची थपथप, स्टोचा घरघराट, आणि त्यावर माझं "भर!", "खाली कर!" चालू असे. येसराच्या आमटीला फोडणी बसली की मला ठसका लागे आणि हुकूम मधेच तुटे. आई प्रथम चिडली. मग तिला त्यातली गंमत कळली. नानांचा डबा कचेरीतून परत आला की ती झाकण उघडून आत करंगळी फिरवायची आणि चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "खाली हय!" भाजी उरली असेल तर म्हणायची, "ह्यात एक गोळी ऱ्हायली की हो. कुठं खाऊन आलाव?" नाना कधीमधी शहागंजात मित्रांबरोबर नान-कलिया खाऊन येत. ते खाली बघत आणि पुटपुटत, "लाहौल विला."

त्या वर्षी दसऱ्यानंतर आमचं शिबिर होणार होतं आणि तिथं खऱ्या गोळ्या झाडायला मिळणार होत्या. मला त्या शिबिराला जायचंच होतं. इतकं जायचं होतं की मी स्वप्नात चार्जर भरत असे. आईची ना नव्हती, नानांची ना नव्हती. पण नाना आपल्या थोरल्या भावाला विचारल्याशिवाय छत्रीसुद्धा नवी घेत नसत. हे थोरले भाऊ म्हणजे तात्या. शेंद्र्याला शेती सांभाळायचे, आणि बाकीच्या भावकीलाही. आता शेंद्रा म्हटलं की लोकांना कारखाने आठवतात. मला ज्वारीची ताटं आठवतात आणि त्यांच्या वर दिसणारा तात्यांचा फेटा. तात्यांनी निरोप पाठवला होता, "पोरीच्या खांद्याला बंदुकीचा वळ उठला तर उद्या दाखवायला कुठला खांदा न्यायचा? खांडेनवमीला या. बघू." आमच्याकडं तात्यांचं "बघू" म्हणजे नाही, पण जेवून जा.

तात्यांच्या घरी स्वतःची रायफल होती. ती कशी आली याच्या गोष्टी दर दसऱ्याला थोड्या बदलत. एका वर्षी त्यांनी ती पळणाऱ्या रझाकाराच्या हातून हिसकावली होती, दुसऱ्या वर्षी दोन रझाकारांच्या. मोठीआई, म्हणजे तात्यांची बायको, स्वयंपाकघरातून शांतपणे सांगायची, "ज्वारीत सापडली. खुरपताना." ॲक्शनच्या धामधुमीत कुणीतरी टाकून पळालं असणार. तात्यांनी ती आधी कडब्याच्या गंजीत लपवली, मग धीर आल्यावर बैठकीत खुंट्यांवर टांगली. एकदा फौजदार आले. त्यांनी मटण खाल्लं, रायफलीचा बोल्ट ओढून पाहिला. तो हलला नाही. चाप ओढून पाहिला. तोही हलला नाही. "ये तो मर गई है, पाटील," असं म्हणून ते पान खाऊन गेले. तेव्हापासून ती मेलेली रायफल म्हणून घरात नांदत होती. पोरं तिच्याखाली विटीदांडू खेळत. खांडेनवमीला तिला कोयत्या-कुऱ्हाडींच्या शेजारी घोंगडीवर निजवून हळदकुंकू लावत.

आणि तिचं एक मोठं काम असे. नवा जावई पहिल्या दसऱ्याला आला, पाटावर बसला, पानात पुरणपोळी पडली की तात्या दारातून रायफल खांद्याला लावून आत येत आणि त्याच्या छातीवर नेम धरून गरजत, "बोला जावईबापू! पोरीला नांदवणार का न्हाई?" जावयानं "नांदवतो!" म्हणायचं. लगेच तसं म्हटलं नाही तर तात्या दात-ओठ खाऊन चाप ओढत. चाप अडकलेलाच असे. सगळे हसत आणि जावयाच्या पोळीवर तूप पडे. थोरल्या दोन जावयांनी ही परीक्षा दिली होती. त्यातला एक तर इतका घाबरला होता म्हणे की दोन वेळा नांदवतो म्हणाला. त्या वर्षी नंबर होता विश्वासरावांचा. माझी चुलतबहीण कमळ, जिला मी अक्का म्हणे, तिचे यजमान. जालन्याला शाळेत मास्तर होते. गोरेपान, चष्मा, पांढरा शुभ्र सदरा, आणि बोलताना आधी थोडं थांबायची सवय. अक्कानं त्यांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. नवऱ्यावर तिचा इतका जीव होता की बापाची गंमतसुद्धा तिनं फोडली.

आम्ही सकाळच्या एसटीनं शेंद्र्याच्या फाट्यावर उतरलो आणि बांधाबांधानं चालत घरी पोचलो. अंगणात शेणाचा सडा, दारावर तोरण, आत पुरणाचा वास आणि बायकांची गडबड. मी तात्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "काय फौजदारीणबाई, किती मानसं मारली?" मी म्हटलं, "शिबिर झालं की सांगते." ते हसले. मला वाटलं, जमतंय बरं का. आज नीट वागायचं, पदर सांभाळायचा, वाढताना सांडायचं नाही, की संध्याकाळपर्यंत हो म्हणतील. मी पोळ्या लाटायला बसले आणि कुणी सांगितलं नसताना पहिलीच पोळी अगदी गोल लाटून दाखवली.

मग तात्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले. चेहरा असा फुललेला की मोठीआईनं विचारलं, "काय झालं?" तात्या म्हणाले, "औंदा खटका वाजणार! बैलपोळ्यापासून एरंडेल पाजायलोय तिला. परवा तिचा तो डावा कान हाय ना, गंजलेला, त्याला लाकडानं ठोकलं, तर सरकला पुढं! आता चाप कसा सैल झालाय म्हनून सांगू. पर म्या वडला न्हाई. पहिला खटका मास्तरचा. जावयाचा मान हाय." आणि ते मिशीतल्या मिशीत हसत निघून गेले.

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. डावा कान! कित्येक वर्षं जो गंज म्हणून सगळ्यांनी सांगितला होता तो गंज नव्हताच. ती सेफ्टी होती. बोल्ट हलत नव्हता, चाप हलत नव्हता, कारण कुणीतरी सेफ्टी लावून ती रायफल ज्वारीत फेकली होती. उस्ताद माझ्या कानाशी येऊन ओरडल्यासारखं झालं, खाली को कोई सेफ्टी लगाता क्या? मी मोठीआईला म्हटलं, "मोठीआई, ती भरलेली असंल." ती पोळी उलटत म्हणाली, "काय बोलायलीस? सणासुदीला?" मी अंगणात नानांना गाठलं. सगळं सांगितलं. नाना पांढरे पडले आणि इकडं तिकडं बघून म्हणाले, "तात्यांना सांगू कसं? ते म्हणतील कारकुनानं अक्कल शिकवली." एवढं बोलून ते खरंच तात्यांकडं दोन पावलं गेले, आणि आपल्याच फेट्याला हात लावून परत आले. माझ्या वडिलांवर माझं फार प्रेम होतं, पण त्या वेळी त्यांना घोंगडीवर निजवून हळदकुंकू लावावं असं मला वाटलं.

शेवटी मीच तात्यांकडं गेले. ते बैठकीत रायफलीला गंध लावत होते. मी म्हटलं, "तात्या, एकदा बोल्ट उघडून बघू द्या. आत गोळी असंल." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आधी हसून, मग न हसता. "पोरी, माझ्या घरात हाय ती. फौजदारानं बघितली, म्या बघितली, आता तू बघनार? पाव्हन्यांसमोर माझी शोभा करायची असंल तर आत्ताच सांग. मग शिबिर-बिबिर इसर. कॉलेजबी इसर. जा, पोळ्या कर." म्हणजे सौदा साफ होता. गप्प राहिले तर शिबिर. बोलले तर शिबिरही गेलं आणि कॉलेजही. आता हसू येईल, पण मी दाराआड उभी राहून खरोखर विचार केला की कदाचित नसेलही गोळी. माणूस स्वतःला हवं ते पटवायला किती तयार असतो! शिबिर माझ्या डोळ्यांसमोर होतं, तंबू, मैदान, लक्ष्याचे पांढरे कागद. मग अक्का माझ्या शेजारून गेली. तिच्या हातात नवऱ्यासाठी खास जास्त वेलदोडा घातलेली पोळी होती.

पानं मांडली. रांगोळ्या घातल्या. विश्वासराव पाटावर बसले, शेजारी थोरले दोन जावई, आजची परीक्षा आपली नाही म्हणून निवांत. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, भज्यांचा ढीग. मी तुपाची तपेली घेऊन वाढायला उभी होते. तात्या दारात आले. रायफल खांद्याला, एक डोळा मिटलेला, बोट चापावर. मी पाहिलं. डाव्या बाजूची ती छोटी दांडी पुढं होती. "बोला जावईबापू!" तात्या गरजले. "पोरीला नांदवणार का न्हाई?"

विश्वासरावांनी चष्मा सारखा केला. सवयीप्रमाणे थोडं थांबले. आणि मग, अक्काकडं चोरून बघत, मास्तर म्हणाले, "विचार करून सांगतो."

सगळे हसले. तात्यांना तर आनंदाचं भरतं आलं, कारण आता चाप ओढायचा हक्क मिळाला होता. त्यांनी रायफल घट्ट आवळली.

"थम!"

तो आवाज माझा होता असं सगळे सांगतात. मला तो उस्तादांचाच वाटला. बाहेर गोठ्यातला बैल हंबरायचा थांबला. आणि तात्याही थांबले. ॲक्शननंतर गावात रक्षक दल झालं होतं. तात्या त्यात लाठी घेऊन कवायत करायचे आणि आम्हा पोरांनाही अंगणात "थम!" म्हणून उभं करायचे. कवायतीचं ते हाड कुठंतरी शिल्लक होतं. डोक्याला कळायच्या आत त्यांची पावलं जुळली, छाती पुढं आली आणि रायफल अंगाला लागून सरळ उभी राहिली, नळी छताकडं. मी तपेली खाली ठेवली, तात्यांच्या हातातून रायफल घेतली आणि अंगणाच्या दारात जाऊन नळी आभाळाकडं धरली. कुणी मला अडवलं नाही, कारण कुणाला काय चाललंय तेच कळत नव्हतं. बोल्टची मूठ उचलली. एरंडेलानं सगळं कसं मोकळं झालेलं! मागं ओढला.

गोळी टणकन बाहेर उडाली, उंबऱ्यावर आपटली, आत घरंगळत आली आणि विश्वासरावांच्या पानात शिरून आमटीच्या वाटीला थडकली. आमटीचे थेंब त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाले. मी बोल्ट पुढं केला, मागं ओढला. दुसरी. पुढं, मागं. तिसरी. पितळेचा आवाज फरशीवर येत होता. मॅगझीन रिकामं झालं तेव्हा मी आत डोकावले, करंगळी घातली, ती एरंडेलानं आणि काजळीनं काळी होऊन बाहेर आली. आणि शिकवल्याप्रमाणे, सवयीनं, पूर्ण आवाजात मी म्हटलं, "खाली है!"

थोरले दोन्ही जावई भिंतीला टेकले होते आणि त्यातला एक स्वतःची छाती चाचपत होता. विश्वासरावांनी पानातली गोळी दोन बोटांनी उचलली, चष्म्याजवळ नेऊन पाहिली, अलगद पाटावर ठेवली आणि घसा साफ करून म्हणाले, "नांदवतो, मामा."

अक्का आधी हसली, मग तिथंच खाली बसून रडायला लागली, आणि मोठीआईनं तिला जवळ घेऊन सगळ्यांना सुनावलं, "जेवा आता. निवालंय." आमच्या घराण्यात संकट कितीही मोठं असो, पान निवता कामा नये. नानांनी त्या दिवशी कुणाला न विचारता दोन पोळ्या जास्त घेतल्या.

तात्या जेवले नाहीत. ते गोठ्यात जाऊन बसले. ऊन कलल्यावर मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. मला वाटलं होतं, ओरडतील. ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, "बोट चापावर व्हतं गं माझं. हसत हसत मारला असता त्याला. पुरनाच्या पानावर." मलाही रडू आलं. मग त्यांनी विचारलं, "ते शिबिर कवा हाय?" मी सांगितलं. "जा," ते म्हणाले. "व्हय, जा. खांद्याला वळ उठला तर उठंना का." आणि तांब्या तोंडाला लावून, पाणी पिऊन, हळूच म्हणाले, "पर जायच्या आधी ते मला एकदा दाव. रिकामं कसं करत्यात ते." मग गोठ्यातच मी त्यांना मुसळावर सगळं दाखवलं. त्यांनी मन लावून शिकून घेतलं. फक्त करंगळी घालायला मुसळाला जागा नव्हती, तेव्हा ती त्यांनी बैलाच्या कानात घातली आणि बैलानं मान हलवली.

रायफल आणि गोळ्या दुसऱ्याच दिवशी ठाण्यात गेल्या. तिला मेलेली ठरवणारे फौजदार अजून तिथंच होते, त्यामुळं फारशी चौकशी झाली नाही. उस्तादांना मी सगळं सांगितलं. मला शाबासकीची अपेक्षा होती. त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "आख़िर में चाप दबाके खट् किए थे क्या?" मी जीभ चावली. ते राहिलंच होतं. त्यांनी मला मैदानाला फेरी मारायला लावली. शिबिरात मात्र ते दुसऱ्या उस्तादांना हीच गोष्ट सांगताना मी ऐकलं, आणि त्यात शेंद्र्याच्या त्या बैठकीत माझ्या शेजारी ते स्वतः उभे होते.

पुढल्या खांडेनवमीला बैठकीतल्या खुंट्या रिकाम्या होत्या. मला वाटलं होतं, प्रश्नाची चालही गेली असेल. पण पानं वाढून झाल्यावर तात्या मुसळ खांद्याला लावून दारात आले. नेम धरण्याआधी ते सगळ्यांदेखत माझ्यापुढं येऊन उभे राहिले आणि मुसळ आडवं धरलं. मी दोन्ही टोकं बघितली, बोटानं चाचपली आणि म्हटलं, "खाली है, तात्या." मगच जावयांना प्रश्न झाला. तेव्हापासून ते तसंच चालत आलं. माझं लग्न झालं तेव्हा माझ्या नवऱ्याची परीक्षाही त्याच मुसळावर झाली आणि तपासणी मीच केली. ते बिचारे सरकारी खात्यातले. म्हणाले, "ही पद्धत मला योग्य वाटते."

तात्यांच्या शेवटच्या दुखण्यात मुलं लांब होती आणि विश्वासरावांनी त्यांना जालन्याला आपल्या घरी आणलं होतं. उठवायचं, अंघोळ घालायची, भाकरी दुधात कुस्करून भरवायची, सगळं ते करत. मी भेटायला गेले तो खांडेनवमीचाच दिवस होता. तात्या उशांना टेकून बसले होते. आवाज पार खोल गेला होता. त्यांनी खाटेशी लावलेली चालायची काठी मोठ्या कष्टानं उचलली आणि माझ्यापुढं आडवी धरली. मला कळलं. मी काठीची दोन्ही टोकं पाहिली, करंगळी लावली आणि जमेल तितक्या मोठ्यानं म्हटलं, "खाली है, तात्या." त्यांनी मान हलवली. मग काठी थरथरत खांद्याला लावली, पायाशी बसून त्यांचे तळवे चोळणाऱ्या विश्वासरावांवर नेम धरला, आणि विचारलं, "बोला मास्तर. पोरीला नांदवलं का?"

विश्वासरावांनी चष्मा सारखा केला. थोडं थांबले. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तर आधीच पुसत होते. म्हणाले, "नांदवलं, मामा."

"व्हय, नांदवलं," अक्का दारातून म्हणाली. "तात्या, आता काठी खाली ठेवा. पोळी निवायलीय."